पाठवायचा तो फेरफार, सातबारा नव्हे

ठाण्यातल्या एका तरुण प्रोग्रामरचा प्रश्न असा आहे: "आमच्या टीमकडे महापालिकेच्या मालमत्ता कराची प्रणाली आहे. जमिनीच्या अभिलेखात मालकाचे नाव बदलले की कराच्या नोंदीतही ते आपोआप बदलावे, असे काम आले आहे. आम्ही रोज रात्री सातबारा आणि मिळकत पत्रिकेची (नगर भूमापन झालेल्या भागातल्या मालकीच्या उताऱ्याची) माहिती मागवतो, आमच्या टेबलशी ताडून पाहतो आणि फरक दिसेल तिथे नाव बदलतो. एपीआय, म्हणजे दोन प्रणालींमधला दुवा, नीट चालते, उत्तर वेळेत येते. तरी बऱ्याच नोंदी जुळत नाहीत आणि जुळलेल्यांपैकीही काही नंतर चुकीच्या निघतात. आमचे कुठे चुकते?"

तुमच्या एपीआयमध्ये दोष असेल असे मला वाटत नाही. घोटाळा आहे तो तुम्ही काय मागवता त्यात. तुम्ही सातबारा मागवता आहात, आणि तुम्हाला हवा आहे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. बावीस वर्षे मी भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणात आणि वेगवेगळ्या खात्यांच्या प्रणाली एकमेकींशी जोडण्यात काढली, त्यातला बराचसा काळ ठाणे तालुक्यात. जिथे जिथे जोडणी फसलेली पाहिली, तिथे बहुतेक वेळा मूळ हेच होते: एका प्रणालीतली आजची स्थिती उचलायची आणि दुसरीत ओतायची.

एखादा जुना, हाताने लिहिलेला सातबारा मिळवा आणि नीट बघा. भोगवटादाराच्या नावापुढे वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. ज्याचा हक्क गेला त्याचे नाव खोडलेले नसते, कंसात घातलेले असते. म्हणजे कोणाचे नाव कोणत्या फेरफाराने आले आणि कोणाचे कोणत्या फेरफाराने कमी झाले, हे त्या कागदावरच वाचता येते. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, हीच खरी घटनांची वही. सातबारा हे त्या वहीतून निघालेले आजचे चित्र. आज तुम्ही ज्याला 'इव्हेंट लॉग' म्हणता, ती गोष्ट तलाठी दप्तरात कित्येक पिढ्या चालत आली आहे. ती आयती असताना आपण फक्त चित्राचा फोटो काढून पाठवतो आणि मग चित्रातले नाव का बदलले म्हणून डोके धरून बसतो.

आता फेरफाराचा प्रवास बघा, कारण तुमच्या चुकलेल्या नोंदींपैकी बऱ्याच इथेच अडकलेल्या असणार. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती नोंदणी विभागाच्या आय-सरिता प्रणालीतून महसूल खात्याच्या ई-फेरफारमध्ये जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ ने नोंदणी अधिकाऱ्यावर जी कळवण्याची जबाबदारी टाकली, तिचेच हे आजचे रूप. मग तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद तयार करतात. कलम १५०प्रमाणे ती चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि त्याची चौकशी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि नाव सातबाऱ्यावर चढते ते तेव्हा. एवढ्यावर संपत नाही. प्रमाणित नोंदीवर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होते आणि अपिलात नोंद रद्दही होऊ शकते.

म्हणून दोन प्रणालींमध्ये जो निरोप जातो, त्यात 'कोणाच्या जागी कोण' एवढेच असून भागत नाही. नोंद कोणत्या टप्प्यावर आहे हे त्यात असलेच पाहिजे: दस्त आला, फेरफार तयार झाला, नोटीस गेली, हरकत आली, प्रमाणित झाला, नामंजूर झाला, अपिलात रद्द झाला. यातला शेवटचा टप्पा सगळे विसरतात.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट सांगतो. एका कार्यालयाने दस्त नोंदला गेल्याचा निरोप येताच कराच्या बिलावर खरेदीदाराचे नाव लावायची सोय केली. हेतू चांगला होता, लोकांचे हेलपाटे वाचावेत. एका व्यवहारात विकणाऱ्याच्या बहिणींनी हरकत घेतली. जमीन वडिलोपार्जित, वारस नोंदीत त्यांची नावे राहिलेली. चौकशी झाली, फेरफार नामंजूर झाला. नामंजुरीचा निरोप मात्र कर प्रणालीकडे गेलाच नाही, कारण तसा निरोपच कोणी योजला नव्हता. बिलावर खरेदीदाराचे नाव तसेच राहिले. पुढे तेच बिल तो मालकीचा पुरावा म्हणून दाखवत फिरला आणि त्या बहिणींना एका कागदाविरुद्ध दुसऱ्या कागदासाठी किती दारे ठोठावावी लागली ते मी पाहिले आहे. कराची नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे कायद्याने स्पष्ट आहे. पण बँकेच्या खिडकीवर, सोसायटीच्या ऑफिसात, भाऊबंदकीच्या भांडणात बिलावरचे नाव वजन टाकते. आपण एका फील्डमध्ये जे लिहितो त्याला बाहेर हा अर्थ येतो.

आता जुळवणी. इथे थोडे जास्त थांबतो, कारण ठाण्यात जमिनीचा तुकडा ओळखणे हेच मोठे काम आहे.

सुरुवात गावापासून करा. कोपरी म्हटले की ठाणेकराला ठाणे पूर्व आठवते. खाडीपलीकडे वाशीजवळही कोपरी गाव आहे. एक ठाणे महापालिकेकडे, दुसरे नवी मुंबई महापालिकेकडे, आणि नावावरून जुळवणी केली की दोन्ही एकच. माजिवडे आणि माजिवडा हे मात्र एकच गाव, दोन नावांनी फिरणारे. तेव्हा गावाच्या नावावर काहीही जुळवू नका. स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा कोड, जो २०२० च्या नव्या नमुन्यापासून सातबाऱ्यावरच छापला जातो, तोच धरा. नवी मुंबईचा पनवेल-खारघरकडचा भाग रायगड जिल्ह्यात आहे, हेही लक्षात असू द्या. एकच शहर, पण महसुली जिल्हे दोन आणि दस्त क्रमांकांच्या मालिका वेगळ्या.

दस्त क्रमांकाचेही तसेच. ठाण्याच्या निबंधक कार्यालयांचे दस्त 'टनन' आणि कार्यालयाचा आकडा अशा ओळखीने चालतात, पनवेलचे 'पवल'ने. नुसता क्रमांक दरवर्षी नव्याने सुरू होतो. म्हणून कार्यालय, क्रमांक आणि वर्ष ही तिन्ही मिळून एक किल्ली होते. फेरफार क्रमांक आणि खाते क्रमांक गावापुरते. गावाच्या कोडाशिवाय साठवलेला फेरफार क्रमांक कोणत्याच कामाचा नाही.

मग सर्व्हे नंबर आणि हिस्सा. ५८/४/अ, ५८/४अ, ५८/४-अ हे तिन्ही एकच असू शकतात. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे वेगळे मोजले जातात ही चूक तर पहिल्याच दिवशी सापडेल. खरा त्रास देतो तो 'पै'. '५८/४ पै.' म्हणजे ५८/४ पैकी काही भाग. खरेदीखत 'पैकी'चे झाले, पण मोजणी, पोटहिस्सा, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाचा तक्ता) व्हायला वेळ लागतो, आणि तोवर नकाशात तो वेगळा तुकडा नसतोच. मी पाहिलेल्या एका आयात प्रोग्रामने 'पै' हे अक्षर अनावश्यक म्हणून छाटले होते. एक अक्षर गेले आणि भागाचा खरेदीदार अख्ख्या हिश्श्याचा मालक ठरला. 'पै' वाचता आले नाही तर नोंद थांबवा आणि माणसापुढे ठेवा. स्वतःहून अर्थ लावू नका.

ठाणे-भाईंदर पट्ट्यात जुने आणि नवे सर्व्हे नंबर असा आणखी एक पदर आहे. दस्तात दोन्ही लिहिलेले असतात, कधी एकच असतो आणि तो कोणता ते सांगितलेले नसते. यासाठी जुन्या-नव्याचा जुळवणी तक्ता हवा. तो तुमच्या टीमने तयार करायचा नाही. भूमी अभिलेख आणि तहसील कार्यालयाकडून सही होऊन यायला हवा, आणि प्रत्येक ओळीला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' अशा तारखा हव्यात.

क्षेत्राचे उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला देतो. कोकणात जुन्या उताऱ्यांवर क्षेत्र हेक्टर-आर-प्रती असे लिहीत. ०-२३-८ म्हणजे तेवीस आर आणि आठ प्रती, म्हणजे २३८० चौरस मीटर, कारण एक प्रती म्हणजे आरचा दहावा भाग, दहा चौरस मीटर. संगणकीकृत उताऱ्यावर तिसरा आकडा चौरस मीटरचा आणि दोन अंकी आहे. आता '८' समोर शून्य कुठे लावायचे? बरोबर उत्तर ०.२३.८०. पण प्रोग्रामर आकड्याच्या आधी शून्य भरतो, तारखेत भरतो तसे, आणि होते ०.२३.०८, म्हणजे २३०८. बहात्तर चौरस मीटर, म्हणजे पावणेआठशे चौरस फूट जमीन एका शून्यात गेली. उताऱ्यावरचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, अशा नोंदी शोधण्यासाठी ई-फेरफारमध्ये वेगळा अहवालच ठेवावा लागला. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक निरोपावर हीच बेरीज तपासा. जुळली नाही तर तहसीलकडे परत पाठवा. तिथे कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, तुमच्याकडे नाही. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, धरून की सोडून, हेही फील्डच्या नावातच लिहा. 'क्षेत्र' असे एकच फील्ड ठेवले की दोन वर्षांनी त्यात दोन्ही सापडतात.

नावांकडे मी शेवटी येतो, कारण नावावर जुळवणीच करू नये असे माझे ठाम मत आहे. तरी तुम्हाला ती तपासणीसाठी लागेल. 'गोऱ्हे' किंवा 'कुऱ्हाडे' यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, एकदा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडाक्षर-चिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी आडनावे वाटतात, आणि युनिकोडचे ठरलेले नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची प्रक्रिया, चालवूनही ती एक होत नाहीत. त्यासाठी स्वतः नियम लिहावा लागतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आलेल्या माहितीत ऱ्हस्व-दीर्घाची आणि जोडाक्षरांची मोडतोड वेगळी.

त्याहून खोल अडचण माणसांच्या नावांचीच आहे. आगरी-कोळी गावांत जुन्या नोंदींत 'काळ्या', 'बाळ्या' अशी घरची नावे आणि वडिलांचे नाव, बस्स. आडनाव नाहीच. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, तेव्हा एका नावामागे अख्खे कुटुंब. आणि कित्येक उताऱ्यांवर माणूस वारून वीस वर्षे झाली तरी वारस नोंद नाही. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम हाती घ्यावी लागली ती याचसाठी. अशा उताऱ्याचे नाव रोज रात्री कराच्या बिलावर चढवले, तर जो नियमित कर भरतो त्या नातवाचे नाव काढून तुम्ही आजोबांच्या नावे बिल पाठवाल. तुमच्या 'चुकीच्या निघालेल्या' नोंदींत असे प्रकार किती आहेत ते एकदा मोजा.

सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना बहुतेक जोडण्यांमध्ये सोडून दिला जातो, कारण त्यात मोकळा मजकूर असतो. मला याचे फार वाईट वाटते. बँकेचा बोजा तिथे असतो. कूळकायद्याच्या कलम ४३ चे, म्हणजे परवानगीशिवाय जमीन न विकण्याचे, बंधन तिथे असते. खाजगी वनाचा शेरा, संपादनाचा शेरा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळे तिथे. हक्क तेवढा पाठवला आणि त्यावरचे बंधन मागे ठेवले तर पोचली ती अर्धी नोंद. जमीन प्रशासनाच्या माहितीचा जो आंतरराष्ट्रीय नमुना आहे, २०१२ मध्ये पहिल्यांदा आलेला आयएसओ १९१५२, त्यातही व्यक्ती आणि जमिनीचा तुकडा यांच्यामध्ये हक्क, निर्बंध आणि जबाबदाऱ्या अशा तिन्ही गोष्टी बरोबरीने मांडल्या आहेत. तुम्हाला मजकुराचे वर्गीकरण लगेच जमले नाही तरी चालेल. तो जसाच्या तसा, फेरफार क्रमांकासकट पुढे पाठवा. त्याला हात लावू नका.

आता नवी मुंबई. तुमची टीम उद्या खाडीपलीकडचे काम घेईल, तेव्हा ठाण्याचा साचा तिथे नेऊ नका. सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसवायचे ठरले. वाशी किंवा नेरूळच्या नोडमधला (सिडकोने वसवलेल्या उपनगरातला) भूखंड भाडेपट्ट्याने दिलेला असतो. तिथल्या फ्लॅटधारकाचे नाव तुम्ही सातबाऱ्यावर शोधाल तर जन्मभर सापडणार नाही, कारण ते तिथे असायचेच नाही. तिथला अधिकृत धागा म्हणजे सिडकोचे हस्तांतरण, सेक्टर आणि भूखंड क्रमांक. साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेत, प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या भूखंडांना मागे संपादन झालेल्या मूळ सर्व्हे नंबरचा इतिहास आहे, पुढे भूखंडाचा. तो दुवा जपला नाही तर घरातल्या वारसांचे वाद सोडवताना कोणाकडेच उत्तर नसते. आणि गावठाणात सातबाराच नाही. तिथे सेक्टरही नाही, सर्व्हे नंबरही नाही, बऱ्याच ठिकाणी घर क्रमांक आणि शेजाऱ्यांची साक्ष यावरच ओळख. गावठाणाची नोंद कधी आपोआप बदलू देऊ नका.

ठाण्यातही एक मर्यादा सांगून ठेवतो. कराचे एकक इमारत किंवा फ्लॅट आहे, अभिलेखाचे एकक जमीन. एका हिश्श्यावर चार विंग, एका इमारतीखाली तीन हिस्से. शिवाय सोसायटीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणे, झाले नसेल तर जमिनीवर अजून विकासकाचे नाहीतर मूळ शेतकऱ्याचे नाव. मानीव अभिहस्तांतरणानंतर (विकासकाने करून न दिल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने होणाऱ्या) सोसायटीचे नाव लागले, तरी फ्लॅटधारकाचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर येत नाही. म्हणून फ्लॅटसाठी तुम्हाला सूची क्रमांक दोनची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, इंडेक्स टू) माहिती हवी आणि मोकळ्या जमिनीसाठी फेरफाराची. दोन्ही एकाच नळातून घ्यायचा प्रयत्न हे तुमच्या न जुळणाऱ्या नोंदींचे दुसरे मोठे कारण असणार. नगर भूमापन झालेल्या भागात सातबारा आणि मिळकत पत्रिका दोन्ही चालू राहिलेल्या जमिनीही आहेत. तिथे कोणता अभिलेख धरायचा ते उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून लेखी घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर रोज रात्री नाव बदलणे आधी बंद केले असते. ताडून पाहणे चालू ठेवा, फरकांची यादी काढा, पण टेबलात काही लिहू नका. मग एकच गाव घ्या, शक्यतो लहान, आणि त्या गावाचे गेल्या वर्षभराचे प्रमाणित फेरफार क्रमाने लावा. प्रत्येक फेरफार म्हणजे एक निरोप: गावाचा कोड, फेरफार क्रमांक, प्रकार, दस्ताची तिहेरी किल्ली, सर्व्हे-हिस्सा जसा लिहिला तसा, कोणाचा हक्क कमी, कोणाचा दाखल, टप्पा, प्रमाणित करणाऱ्याचे पद आणि तारीख, डिजिटल सही. मूळ निरोप कधीही न बदलता वेगळा साठवा. तोच निरोप दोनदा आला तरी परिणाम एकदाच व्हावा. ठाण्यात पावसाळ्यात लाइन गेली की निरोप दोनदा येतातच. पोच द्या. पोच नसेल तर पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवावे, आणि आठवड्यातून एकदा दोन्हीकडच्या फेरफार क्रमांकांची मोजदाद व्हावी. गावातला क्रमांक सलग असतो. २३१४ नंतर २३१६ आला तर मधला कुठे आहे हे लगेच विचारता येते. ही सोय आपल्या पद्धतीतच आहे, वापरा.

जे आपोआप जुळत नाही त्यासाठी वेगळी रांग ठेवा आणि तिथे नाव असलेला, पद असलेला माणूस बसवा. त्याच्या निर्णयाला कारण लिहिण्याची जागा द्या. आधार क्रमांक किल्ली म्हणून साठवायचा मोह टाळा. जमिनीच्या तुकड्यासाठी भू-आधार, म्हणजे त्या तुकड्याचा विशिष्ट ओळख क्रमांक, जिथे उपलब्ध आहे तिथे जरूर घ्या. पण तो जुन्या ओळखीच्या जोडीला ठेवा, तिच्या जागी नव्हे, कारण दस्तात अजून '५८/४ पै.'च लिहून येणार आहे.

आणि करारात एक कलम घालून घ्या: अपिलात रद्द झालेल्या फेरफाराचा निरोप तहसीलकडून तुम्हाला किती दिवसांत मिळेल आणि तो आल्यावर बिलावरचे नाव मागे घेण्याचा आदेश कोणाच्या सहीने निघेल. हे दोन प्रश्न बैठकीत विचारा. उत्तर कागदावर येईपर्यंत पहिले गावसुद्धा सुरू करू नका.